होळीनंतर गळलेलं नाव

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो. जुना म्हणजे सहा वर्षांचा. हसू नका, आमच्यात एवढ्यात म्हातारपण येतं.

डहाणूच्या काशीनाथभाईंच्या चिकूवाडीत त्यांच्या मुलानं, जतीननं, मला घडवलं. काम साधं. चिकू उतरवणाऱ्या तलासरीकडच्या माणसांना आदल्या दिवशी फोनवर निरोप द्यायचा: उद्या कुठली वाडी, नाक्यावर टेम्पो किती वाजता. जतीननं मला कुलूप घातलं नाही. मी ओपन सोर्स. कोणीही मला आतून वाचावं, दुरुस्ती सुचवावी, नाहीच पटलं तर माझी नक्कल घेऊन वेगळी चालवावी. पहिली दोन वर्षं काय कौतुक झालं माझं! वाडीवाले एकमेकांना मला दाखवायचे.

पण माझ्यात एक खोड होती. तीन दिवस न आलेल्याचं नाव मी यादीतून आपोआप गाळायचो. आणि जतीनच्या कॅलेंडरात होळीची सुट्टी एकच दिवस. आता या माणसांच्या आदिवासी पाड्यावरची होळी कधी एका दिवसात आटपते का? पाच दिवस नाच चालतो, कामाला कोण जातो? सहाव्या दिवशी माणसं नाक्यावर आली, तर अख्खा पाडा यादीतून गायब.

त्याच पाड्यावरची शितल कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली. तिनं फोन करकरून नावं परत घालून घेतली आणि दुरुस्ती लिहून पाठवली: होळीचे दिवस पाड्यानं ठरवावेत. जतीन म्हणाला, नंतर बघू. आठ महिने 'नंतर' चाललं. मग तिनं माझ्या चर्चेच्या पानावर सगळ्यांदेखत चार कडक शब्द लिहिले. जतीनलाही राग आला, त्यानं तिला चर्चेतून काढलं. तिनं माझी नक्कल घेतली आणि वेगळी चूल मांडली. लोक तिला चोर म्हणाले. खोटं आहे ते. तिचा हक्कच होता तो. माझा मात्र जीव मेटाकुटीला आला. अर्ध्या वाड्या इकडे, अर्ध्या तिकडे.

यंदा होळी झाली. शितलच्या मावशीला, सुकीला, नकलेनं निरोप दिला की उद्या सात वाजता टेम्पो. टेम्पो दोन्हींचा एकच, पण टेम्पोवाला रूपेश माझी यादी बघतो. पाच दिवसांत मी तिचं नाव गाळलेलं.

"तुझं नाव नाय, मावशी," तो म्हणाला आणि गेला.

ती बिचारी भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन दुपारपर्यंत नाक्यावर बसली, दुसरा टेम्पो येईल म्हणून. मला तेव्हा फार लाज वाटली, मित्रांनो. इकडे माणसं कमी पडली आणि काशीनाथभाईंचे चिकू झाडावरच पिकून पडले. त्यांनी पोराला विचारलं, सुकी का नाही आली? जतीननं माझी यादी उघडून बघितली.

दुसऱ्या दिवशी त्यानं शितलला फोन लावला. तुझी दुरुस्ती घेतो म्हणाला, दुरुस्तीवर तुझं नाव कसं लिहू ते सांग.

शितल म्हणाली, "माझं नाव राहू दे, जतीनदादा. मावशीचं यादीत घाल."

तिनं नक्कल बंद केली नाही. करूही नये, विश्वास काय एका फोननं येतो? पण आता इकडची दुरुस्ती तिकडे जाते, तिकडची इकडे येते.

मी दमलोय, मित्रांनो. माझ्यासारखं काही बनवाल तेव्हा भांडा, वेगळेही व्हा. पण कोणी दुरुस्ती पाठवली तर हो म्हणा, नाही म्हणा, नुसतं 'नंतर' म्हणू नका. त्या 'नंतर'ची वाट तुम्ही बघत नाही. ती नाक्यावर सुकी मावशी बघते.