कमळकाकूंचा शब्द

"पीछे हटो, मौसी. बोला ना, शिफ्ट छूटेगी तब मिलेगी!" गोदामाच्या गेटावरच्या वॉचमनने पुन्हा हात उडवला, तेव्हा कमळकाकूंची गाडी ठाण्याजवळच्या कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये नेमकी त्याच गोदामासमोर अडकली होती.

गेट धरून उभी असलेली बाई रडत नव्हती. काहीतरी सांगू पाहत होती, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत तिला तोडलं जात होतं. काकू दार उघडून उतरल्या.

"आई, तू कशाला मधे पडतेस?" स्टिअरिंगवरून मुलगा प्रितेश वैतागला.

"थांब रे. तिचा काय हाय ते ऐकू तरी दे."

गोदामाखालची जमीन काकूंच्या माहेरची, बापाने लेकीच्या नावे केलेली. पण ती कंपनीला भाड्याने द्यायचा व्यवहार आधी नवऱ्याने पाहिला, मग मुलाने. काकूंच्या वाट्याला फक्त करारावरची सही आणि गोदामाच्या मॅनेजरने आणलेला दिवाळीचा मिठाईचा डबा. त्या गेटाच्या आत त्यांनी कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

बाईला त्यांनी गाडीच्या सावलीत घेतलं, पाणी दिलं. "सांग गो बाय. सावकाश सांग."

बाईचं नाव काशी, अंबाडी गावाकडची. नवरा लडकू ठाण्याला इस्पितळात, छातीचं ऑपरेशन आजच करायचं. पण तो हटून बसलेला, लेकीला बघितल्याशिवाय आत जाणार नाही म्हणून. लेक नेत्रा इथे पॅकिंगला. फोन गेटावरच जमा होतात, त्यामुळे तिला पत्ताच नाही.

"डाक्टर बोलतात, येळ काढू नका. आनि ह्यो बोलतो, मी परत येन का न्हाय कुनाला ठाव? मी काय करू, बाई?"

काकूंनी मध्ये एक शब्द टाकला नाही. काशी थांबली, तेव्हा त्या प्रितेशला म्हणाल्या, "मनोजला फोन लाव."

मॅनेजर मनोज नेहमीसारखाच गोड बोलला. "काकू, रूल वरून आलाय हो. शिफ्टमधून कोणाला सोडता येत नाही."

"माझी सही पायजे असते तवा तू माझ्या ओटीवर येऊन बसतोस, मनोज. आज मी तुझ्या गेटावर उभी हाय. पोरीला बाहेर पाठव. आनि ह्याच्यापायी तिचा काम गेला, तर पुढच्या कराराला माझा हात लागायचा न्हाय."

प्रितेशने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

गेट उघडलं. हातमोजेही न काढता नेत्रा धावत आली. मायलेकी मागे बसल्या आणि प्रितेशने, न सांगता, हॉर्नवर हात ठेवून ठाण्याची वाट काढली.

लडकूने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग वॉर्डबॉयला म्हणाला, "चल रं, ने आता कुठं न्यायचा तिथं." संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले ते हसतच.

पुढच्या आठवड्यात काकू पहिल्यांदा गोदामात शिरल्या. मनोजच्या केबिनमध्ये बसल्या, पॅकिंगच्या बायकांशी बोलल्या आणि गेटावरचा निरोप लगेच आत पोचवायचा, हे ठरवूनच उठल्या.

परवा त्या तिथून जात होत्या. वॉचमनच्या खुर्चीवर एक म्हातारी बसली होती, पदर सावरत काही सांगत होती. वॉचमन तिच्यापुढे वाकून ऐकत होता.