भात्यावरचा हात

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपडे ठेवायची नव्हे, वाजवायची. अंग सागवानी, पट्ट्या पांढऱ्या-काळ्या आणि छाती थोडी दमेकरी. कळंबजवळच्या एका गावात आमच्या ख्रिस्ती मंडळीचं पत्र्याचं प्रार्थनामंदिर आहे, तिथे मी राहते. रविवारची उपासना तिथेच होते. बुधवारची घरसभा मात्र पाळीपाळीने एकेका घरी भरते आणि मला कापडात बांधून तिकडे नेतात. त्यामुळे कुणाच्या घरचा चहा कसा, हे मला वासावरून कळतं.

मला घडवलं एका कारागिराने, पण बोलती केली ती शांतवन आणि दैवशाला या नवराबायकोने. शांतवनचा डावा हात ऐन तरुणपणी मळणीयंत्रात गेला होता. पेटीला तर दोन हात लागतात. मग तो उजव्या हाताने पट्ट्या वाजवायचा आणि दैवशाला माझ्यामागे बसून भाता मारायची. त्याचा आवाज चढला की तिचा हात आपोआप जोर धरायचा. लोक कौतुक करायचे आणि मी फुगून जायचे.

मागच्या हिवाळ्यात शांतवन तापाने गेला. दफनाच्या वेळी दैवशालाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मंडळीचे पाळकसाहेब सांत्वनाला गेले, तेव्हा ती म्हणाली, "देवानं त्यांचा हात नेला, म्या भाता धरला. आता माणूसच नेला. आता काय धरू?"

मंडळीने मग एक चूक केली, तीही मायेपोटी. बाईला त्रास नको म्हणून तिच्या घरची पाळी गाळली. एकदा गाळली ती गाळतच गेले. मलाही शांतवनची आठवण म्हणून बांधून कोपऱ्यात ठेवलं. उंदरांनी कापड कुरतडलं, भात्यात धूळ बसली. मला फार एकटं वाटायचं, खोटं कशाला सांगू?

एकदा पाळकसाहेबांची मुलगी प्रतीक्षा दळणाला गेली. गिरणीत दैवशालाने तिला हळूच विचारलं, "सगळ्यांच्या घरी सभा होती. माझं घर देवानंबी वगळलं का गं?" घरी येऊन प्रतीक्षाने वडिलांना सगळं सांगितलं.

त्या बुधवारी अख्खी मंडळी मला घेऊन दैवशालाच्या दारात उभी राहिली. प्रतीक्षा म्हणाली, "मावशी, मी अजून शिकायले. माझे दोन्ही हात पट्ट्यांवरच अडकतेत. भाता तुमी मारा."

दैवशालाने सगळ्यांना आत घेतलं. मग पदर खोचून माझ्यामागे येऊन बसली. मी आधी खोकले, धूळ उडवली, मग सूर लागला. गाणं शांतवनच्या आवडीचं होतं, मेलेल्यांना उठवणाऱ्या प्रभूचं. दुसऱ्या कडव्याला तिची आसवं माझ्या झाकणावर पडू लागली, पण हात थांबला नाही. गाणं संपल्यावर तिनेच प्रार्थना केली.

"प्रभू, माझा माणूस तुझ्यापाशी हाय. तिथं दोन्ही हातानं वाजवीत आसंल. इथला भाता म्या सांभाळते."

सगळ्यांनी आमेन म्हटलं. कितीतरी दिवसांनी दैवशालाने मोकळा श्वास घेतला, आणि तिच्याबरोबर मीही.

मित्रांनो, जपायचं म्हणून आम्हा पेट्यांना बांधून ठेवू नका, आम्ही मुक्या होतो. दुःखातल्या माणसाचंही तसंच आहे. त्याचं घर वगळू नका. जा, चहाला बसा, काहीतरी काम त्याच्या हाती द्या.

येत्या बुधवारीही सभा दैवशालाकडेच आहे. गाळलेल्या सगळ्या पाळ्या तिला वसूल करायच्या आहेत म्हणे.