आडवं घेतलेलं रक्त

अमेरिकेतल्या डलूथच्या इस्पितळात सिग्नी हॅलवर्सनला बुधवारी कॉफीसुद्धा गोड लागेना. कॅन्सरच्या औषधांनी ज्यांचं रक्त आटतं, त्यांना इंजेक्शन देऊन हिमोग्लोबिन वाढवायचं, हा तिचा सहा वर्षांचा अभ्यास. नियम एकच आणि कडक: आकडा बाराच्या वर गेला की इंजेक्शन बंद. रक्त दाट झालं तर गुठळी होते, आणि गुठळी फुफ्फुसात पोचली की माणूस हातचा गेलाच. महिन्याभरात तिच्या दोन रुग्णांच्या पायांत गुठळ्या झाल्या होत्या. दोघांचेही आकडे बाराच्या आत. तिने कागद दहादा चाळले, पण पाणी कुठे मुरतंय ते कळेना. शुक्रवारी अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीपुढे उत्तर द्यायचं होतं.

त्यात आज रायमो लाहती आला. शाळेत असताना तिला बर्फावर स्कीइंग शिकवणारा, पडलं की उचलायला न येणारा मास्तर. आता सत्तरीचा आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरने चिपाड झालेला. तरी सिग्नीच्या इंजेक्शनांनी दोन महिन्यांत गालांवर लाली चढली होती. शनिवारी तळ्यापलीकडच्या आपल्या लाकडी घरापर्यंत स्की घालून जायचं त्याने ठरवलं होतं.

तो नेहमीच्या पलंगावर अर्धा तास पडून होता. डोरीन नर्सने रक्त घेऊन यंत्रात घातलं. अकरा पूर्णांक सहा.

"पास!" रायमो हसला. "तुझा पलंग भारी आहे हं, सिग्नी. आमच्या वेळी असता तर एकही चोर सापडला नसता."

"कसले चोर, कोच?"

"अगं, शर्यतीतले. रक्त वाढवून यायचे लेकाचे. तपासणीआधी तासभर आडवे पडायचे, की रक्त पातळ. उभ्या माणसाचं दाट, झोपलेल्याचं पातळ. शेंबड्या पोरांनासुद्धा ठाऊक होतं ते."

सिग्नीने पलंगाकडे पाहिलं. हे तीही शिकली होती, परीक्षेपुरतं. हे पलंग तिनेच हट्टाने आणले होते. तिची आई रक्त देताना खुर्चीतून कोसळली होती; माझ्या रुग्णांना तसं बसवणार नाही म्हणून ती व्यवस्थापनाशी भांडली होती. रक्त बसवून घ्यायचं की झोपवून, याबद्दल अभ्यासाच्या कागदांत अवाक्षर नव्हतं. तिनेच लिहिलं नव्हतं.

"कोच, उठा. त्या खुर्चीत बसा."

"का गं?"

"बसा म्हणते ना!"

तो अर्धा तास सिग्नीने कसा काढला, तिचं तिला ठाऊक. ती मनात सारखी देवाला म्हणत होती, फरक पडू देऊ नकोस. डोरीनने पुन्हा रक्त घेतलं. बारा पूर्णांक पाच.

डोरीनने हातातलं इंजेक्शन परत ठेवलं.

"म्हणजे माझा शनिवार बोंबलला," रायमो म्हणाला.

"तुम्ही आधी का नाही बोललात?" तिचा आवाज चढला. "दोन महिने हे तुम्हाला माहीत होतं!"

"मला वाटलं, तुलाही माहीत आहे." तो ओशाळला. "म्हटलं, म्हाताऱ्यासाठी पोरगी जरा डोळेझाक करतेय. तुझं बिंग कशाला फोडू?"

तिला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता. तिने खाली वाकून त्याचे मोजे उतरवले. उजव्या पायावर मोज्याचा वळ पुसट होता. डाव्यावर खोल, आणि पाय सुजलेला.

"कालपासून जरा जड वाटतोय," तो म्हणाला. "सरावाने असेल."

"यांना सोनोग्राफीला न्या, आत्ताच्या आत्ता. चालवू नका. आणि डोरीन, आजपासून एकालाही इंजेक्शन नाही."

"आणि समितीला काय सांगायचं?"

"जे झालं ते. मी चुकले म्हणून."

चाकाच्या खुर्चीतून जाताना रायमोने तिचा हात दाबला. तिने यादी पुढ्यात ओढली. आणखी एकतीस नावं. सहा जणांना फोन झाले. पाय बरे होते, त्यांना उद्या बोलावलं. सातवा फोन एका गृहस्थाच्या बायकोने उचलला.

"धाप लागत होती हो त्यांना सकाळपासून," ती हळू आवाजात म्हणाली. "आत्ता कुठे आडवे झालेत. झोपू द्या ना जरा?"

"नाही," सिग्नी म्हणाली. "फोन ठेवा आणि ॲम्ब्युलन्स बोलवा."