गाडी घासली की तवा

बबलूनं जीपला रुंद चाकं बसवली तेव्हा गावानं तोंडावर तोंडभरून कौतुक केलं आणि पाठीमागे पोटभर हसूनही घेतलं. चाकं होतीच तशी, मडगार्डच्या चार बोटं बाहेर आलेली. ऐट मोठी, पण पाण्याच्या टाकीजवळ रस्ता वळतो तिथं स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की टायर आत घासायचे आणि खर्रर्र आवाज दोन गल्ल्यांपर्यंत जायचा. "घासू द्या की," बबलू म्हणायचा, "हॉर्न वाजवायचं काम न्हाई."

तो आवाज आला की त्याची आई कासाबाई चुलीवर तवा ठेवायची. गाडी शाळेच्या मैदानात लावून पोरगं बोळानं घरी येईस्तोवर भाकरी फुगलेली असायची.

दिवाळीनंतर बबलूला कावीळ झाली आणि बघता बघता तो गेला. मातीला अख्खा गाव आला, मग ज्याचा तो आपापल्या कामाला लागला. बाप रायभानही लागला. मेंढरांना कुठला दुखवटा? बाजारच्या दिवशी कोकरं जीपमध्ये घालून तो स्वतःच मानवतला नेऊ लागला. रडला मात्र नाही. लोक म्हणायचे, घट्ट काळजाचा माणूस. घट्ट कसलं डोंबलाचं! दाढ काढल्यावर गाल बधिर होतो, तसा तो सगळाच्या सगळा बधिर झाला होता.

परतताना टाकीजवळ गाडी घासायची, आणि घरी पोचला की तव्यावर भाकरी तयार. कासाबाई मुकाट वाढायची, तो मुकाट खायचा. एकदा शेजारच्या सुलाबाईनं त्याला बोळात गाठलं.

"रायभानभाऊ, राग येऊ देऊ नका. पण कासाबाईच्या डोक्यात अजून शिरलंच न्हाई. गाडी घासली की पळत जाऊन तवा ठिवती. ती लेकराची वाट बघायलीय."

त्या दिवसापासून रायभानच्या घशाखाली भाकरी उतरेना. मेलेल्या पोराच्या ताटातलं आपण खातोय, असं त्याला वाटायचं. अर्धी कशीबशी गिळायचा, उरलेली कुत्र्याला टाकायचा. बायकोला विचारावं तर विचारायचं काय? आपलं पोर गेलं हे तुला माहीत आहे का, असं? शेवटी त्यानं ठरवलं, आवाजच बंद करायचा. आवाज गेला की तिचं वाट बघणं थांबेल आणि ती बिचारी एकदाची सुटेल.

जीपची जुनी अरुंद चाकं मेंढवाड्यात पडून होती. त्यांच्यावर कोकरं चढून बसायची. लेंड्या झटकून त्यानं ती गाडीत टाकली आणि मानवतला सिद्धोधनच्या टायरच्या दुकानात नेली. सिद्धोधन बबलूचा जिगरी दोस्त. रुंद चाकं त्यानंच बसवून दिली होती.

"आबा, काढायचीच का?"

"काढ."

"मी तवाच म्हणलो होतो त्याला, लय रुंद हायत, घासतील. ऐकतोय व्हय तो?" सिद्धोधननं पाना लावला. पहिला नट सुटला आणि त्याचे डोळे भरून आले. बाहीनं डोळे पुसत तो पुढचा नट सोडवू लागला. रायभान बाजूला उभा राहून बघत होता. परक्याचं पोर रडतंय आणि आपण बाप असून कोरडे ठणठणीत, याची त्याला लाज वाटली. तेवढीच काय ती वाटली.

अरुंद चाकांवर जीप धाकट्या भावाच्या चपला घातलेल्या माणसासारखी दिसत होती. रुंद चाकं सिद्धोधनकडेच ठेवून रायभान निघाला. टाकीजवळ त्यानं स्टेअरिंग पूर्ण फिरवलं. गाडी गुपचूप वळली. त्यानं ब्रेक दाबला आणि उगीचच थोडा वेळ तिथं थांबला.

घरी आला तेव्हा तिन्हीसांज झाली होती. चुलीतली लाकडं विझत आली होती, तवा भिंतीला टेकलेला. कासाबाई उंबऱ्यात बसली होती. त्याला बघून ती दचकून उठली.

"कवा आलाव?"

"आताच. चाकं बदलली. गाडी आता घासायची न्हाई."

"मंग मला कसं कळायचं?" ती टाकीच्या दिशेनं हात करून म्हणाली. "कवाची कान लावून बसले. सांज झाली, आवाज न्हाई. म्हणलं, आता हेबी येत न्हाईत."

रायभाननं शेवटी विचारलंच. "तू तवा बबलूसाठी ठिवत होतीस न्हवं?"

कासाबाई तवा उचलायला वाकली होती, ती तशीच वळली.

"त्याला शेवटचं पाणी म्या पाजलं. तो आता कुठून येतोय? तवा तुमच्यासाठी ठिवते म्या. तुमी तरी गरम खावं म्हणून. तर तुमी अर्धी कुत्र्याला घालताव."

तो खाली बसला. इतके महिने ती भाकरी त्याचीच होती.

"उद्या जाऊन ती चाकं परत बसवून आणा," कासाबाई म्हणाली आणि चूल फुंकू लागली.

तवा तापला. परातीत भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. आता आपल्याला रडू येईल, असं रायभानला वाटलं. आलं नाही. पण भाकरी फुगली, तिची वाफ तोंडावर आली, आणि बबलू गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला भूक लागली.