बिनविरोध पाच

क्लोव्हर गॅप गावाचं शाळामंडळ पूर्वी नगराध्यक्ष नेमायचा. म्हणजे तो ज्यांच्याबरोबर मासे धरायला जायचा, त्यातले पाच जण शाळा चालवायचे. या पाचांनी टेकडीवरची छोटी शाळा बंद करायचं मनावर घेतलं, तेव्हा स्कूलबस चालवणाऱ्या व्हर्लीन होचकिसचं डोकं फिरलं. तिची नात तिथंच बालवर्गात होती. खालची शाळा म्हणजे घाटातून पाऊण तास.

मंडळ लोकांनी निवडायचं, असा अर्ज घेऊन ती दोन वर्षं हिंडली. चर्चच्या जेवणावळीत, टपाल कचेरीबाहेर, फुटबॉलच्या सामन्यात, जिथं माणूस उभा दिसला तिथं तिनं सही घेतली. गावानं दणदणीत कौल दिला: निवडणूक हवी.

मग उमेदवारी भरायचे दिवस आले. व्हर्लीनला उभं राहता येईना. शाळेच्या पगारावर असलेल्यांना मंडळात बंदी, आणि नवऱ्याच्या औषधपाण्याचा विमा त्याच नोकरीवर. तिनं इतरांना गाठलं. दंतवैद्य म्हणाला, पेशंट फुटतील. पाद्रीबाबांनी प्रार्थनेचं आश्वासन दिलं. अर्जावर पहिली सही ठोकणारी टॅमसिन ग्रब म्हणाली, "अहो व्हर्लीनबाई, मी निवडून आले तर दर महिन्याला त्या मीटिंगला कोण जाणार?" जो कोणी उभा राहील त्याच्या प्रचारासाठी केक करून द्यायला मात्र अकरा बायका तयार होत्या.

मुदत संपली. पाच जागांना पाच अर्ज आले. जुन्याच पाचांचे.

नव्या मंडळाच्या पहिल्या बैठकीत व्हर्लीनला बोलायला नियमाप्रमाणे तीन मिनिटं मिळाली. हिवाळ्यात घाटात बर्फ कुठं साचतो, चाकांना साखळ्या कुठं बांधाव्या लागतात, सहा वर्षांचं पोर किती वाजता उठवावं लागेल, सगळं तिनं सांगितलं. अध्यक्ष रॅटलिफ विमा एजंट होता. त्याला ऐकून घ्यायची सवय होती.

"व्हर्लीनबाई, खरं सांगू? शाळा मागंच बंद झाली असती. नगराध्यक्ष अडवायचे. टेकडीवरची मतं जातील म्हणून भ्यायचे बिचारे." त्यानं चष्मा पुसला. "आता त्यांचा काही संबंध राहिला नाही. आता आम्ही थेट तुमचे."

ठराव पाच विरुद्ध शून्यनं पास झाला.

ऑगस्टमध्ये व्हर्लीनच्या हातात नव्या मार्गाचा नकाशा पडला. पहिल्या दिवशी सव्वासहाला टॅमसिन पोराला घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. अंगावर हॉस्पिटलचा गणवेश, चेहऱ्यावर संताप.

"कुठून आणली ही माणसं? कुणाला विचारून शाळा बंद केली?"

व्हर्लीननं इंजिन चालूच ठेवलं. "चार वर्षांनी पुन्हा उमेदवारीचे अर्ज निघतील. भरता?"

टॅमसिननं घड्याळ पाहिलं. ड्यूटीला उशीर होत होता. बघू म्हणाली.

पोरगं चढलं. व्हर्लीननं दार लावलं आणि आरशात पाहिलं. पहिल्या बाकावर तिची नात दप्तराला कवटाळून केव्हाच झोपली होती. व्हर्लीननं गिअर टाकला आणि वळणं जपून घेत बस घाटात उतरवली.