किल्ल्याकडे तोंड फिरवणारी अँबेसिडर

सोमवारी सकाळी दहाला असीरगढ किल्ल्याच्या उताराखाली दीडशे माणसं उभी होती. कशाला? तर चालता चालता उलटं तोंड करणारी एक मोटार बघायला. नारळवालासुद्धा दुकान मांडून बसला होता, म्हणजे चमत्कार पक्काच.

मोटार निंबोल्याच्या कौतिकआप्पांची. वारलेल्या वडिलांची जुनी अँबेसिडर त्यांनी लेकीच्या लग्नासाठी नवीकोरी करून घेतली. रंग झाला, गाद्या झाल्या आणि पुढच्या चाकांना नव्या गाडीचे डिस्क ब्रेक बसले. तेव्हापासून उतारावर जोरात ब्रेक दाबला की गाडी मागून गर्रकन फिरायची आणि तोंड थेट किल्ल्याकडे. पहिल्या वेळी आप्पा पाच मिनिटं स्टिअरिंग धरून नुसते बसून राहिले.

उताराखालीच शालिग्राम महाराजांचा मठ. महाराजांनी डोळे मिटले आणि निदान केलं.

"कौतिक, तुझा बाप गाडीत बसला आहे. त्याला किल्ला सोडवत नाही, आणि तो भुकेला आहे. डिकीत केळीचे आठ घड घाल, उतारावरून आण, मठात उतरव."

आप्पांनी घड घातले आणि काय सांगावं! ब्रेक दाबल्यावर गाडी नाकासमोर उभी. घड उतरवून गाडी रिकामी आणली, तर पुन्हा गरगर. म्हणून दर सोमवारी आठ घड. असे नऊ सोमवार झाले. आत्म्याची भूक दांडगी होती. त्यानं खाल्लेले घड मठाच्या मागून टेम्पोत चढत, तेवढं मात्र कोणी बघायला जात नव्हतं.

आप्पांची लेक पूर्णिमा बुऱ्हाणपूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिचं लग्न उताराच्या वरच्या कार्यालयात होतं.

"आप्पा, शनिवारी आम्ही दोघं याच गाडीतून हाच उतार उतरणार. डिकीत माझी पेटी ठेवायची की आजोबांचा फराळ?"

"असं बोलू नको पोरी. मले भेव वाटतं."

"मलाही वाटतं. गाडी फिरली आणि समोरून ट्रक आला तर? महाराज येतील का मधे उभं राहायला?"

रविवारी तिनं डिकीत काय भरलं, हे आप्पांनी विचारलं नाही आणि महाराजांनाही सांगितलं नाही. बापाच्या हातून एवढं झालं, हेही कमी नव्हे.

दहाव्या सोमवारी, त्या दीडशे माणसांसमोर, दोन्हीकडची वाहनं थांबवली. गाडी उतारावरून आली, आप्पांनी ब्रेक दाबला आणि गाडी सरळ रेषेत थांबली.

"नैवेद्य पावला!" महाराजांनी हात वर केले. "बाप तृप्त झाला!"

पूर्णिमानं डिकी उघडली. आत तापीच्या वाळूची पाच पोती.

"महाराज, आजोबा वाळू कधीपासून खायला लागले?"

मागून कोणीतरी फस्सकन हसलं.

"आत्म्याला भाव लागतो, पदार्थ नाही," महाराज म्हणाले.

"मग भावच घेत जा. केळी राहू द्या."

गाडी नवी करून देणारा, बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातला मिस्त्री लोटू गर्दीतून पुढे आला. मान खाली होती. "चुकी माझी आहे, ताई. डिस्कला दाब जास्त लागतो म्हणून मी दाब वाढवणारा बूस्टर लावला. तोच दाब मागच्या जुन्या ड्रम ब्रेकलाही गेला. मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम व्हायची. देखो, बरोबर मागच्याच चाकांचे काळे पट्टे आहेत रस्त्यावर."

"ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे जातो," पूर्णिमा लोकांकडे वळली. "उतारावर तर जास्तच. मागची चाकं हलकी होतात, आधी जाम होतात, घसरतात आणि गाडी मागून फिरते. डिकीत वजन असलं की ती रस्ता धरून ठेवतात. मग ते वजन केळीचं असो नाहीतर वाळूचं."

"पण मग तोंड किल्ल्याकडेच कसं?" एका म्हातारीनं विचारलं.

"उतरताना किल्ला पाठीमागेच असतो ना, आजी. पूर्ण फिरलेली गाडी बघणार तरी कुठे?"

लोटू महाराजांकडे टक लावून बघत होता. "आणि हा तर शाल्या आहे! ट्रकवर क्लीनर होता. रिकामा ट्रक ब्रेक मारल्यावर मागून फिरतो, हे याला आपल्या सगळ्यांच्या आधी ठाऊक!"

महाराजांना तेवढ्यात ध्यानाची वेळ आठवली.

लोटूनं मागच्या ब्रेकच्या नळीत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला, वाळू काढली, मोकळ्या मैदानात रिकामी गाडी दहा वेळा थांबवून बघितली आणि मगच किल्ली आप्पांच्या हातात दिली.

शनिवारी नवरानवरी मागे बसली होती, डिकीत फक्त पेटी होती. उताराच्या मधोमध एक म्हैस आडवी आली. आप्पांचा पाय ब्रेकवर गेला. गाडी म्हशीपासून चार हातांवर, सरळ उभी राहिली. म्हशीनं रवंथही थांबवला नाही.

आप्पांनी मागे वळून लेकीकडे बघितलं आणि मग ते रडले, अगदी ओक्साबोक्शी. नऊ सोमवार केळी वाहून आपण पोरीचा जीव आठ घडांच्या भरवशावर सोडायला निघालो होतो, हे त्यांना तिथं कळलं.

बाबांनो, बापाची आठवण जरूर काढा, फोटोला हारही घाला. पण गाडी फिरली तर महाराजांच्या पाया पडण्याआधी खाली वाकून तिची चाकं बघा.