घेण्याचा अनुभव

बुद्धविहाराच्या वरच्या हॉलमध्ये प्रेमिलाताईंची अभ्यासिका. दुपारी तीन ते पाच तिथं तोंड उघडायचं नाही, हा नियम. मीटर बघायला आलेल्या माणसालाही एकदा सगळं खुणेनं विचारावं लागलं होतं. हॉलमध्ये जागा चाळीस, आणि जिन्यावर पुस्तक उघडून नंबराची वाट पाहणारी आणखी तीस पोरं. त्यांच्यासाठी हॉलवर आणखी एक मजला बांधून द्यायला रामदासपेठेतला एक ट्रस्ट तयार झाला होता. अट एकच: पुढे अभ्यासिका ट्रस्टची माणसं चालवतील. मजला हवा आणि अट नको, यात ताईंची आठवडाभर झोप उडाली होती.

ट्रस्टचे अध्यक्ष मनोहरराव करारावर सही करायला आले, ते नेमके सव्वातीनला. दारातच ताईंनी मोबाइलची टोपली पुढे केली.

"अहो, मी दोन शब्द बोलणार आहे!"

"पाचनंतर बोला नं भाऊ," ताई कुजबुजल्या. "आता बोलले तं पोरं मलेच बाहेर काढतीन."

मनोहरराव सज्जन गृहस्थ. मोबाइल टाकून शेवटच्या रांगेत स्टुलावर बसले. पण गप्प राहण्याची सवय नाही. पाचच मिनिटांत त्यांनी चिठ्ठी लिहून ताईंकडे पाठवली: 'वंचित मुलांना शिस्त लागावी, म्हणून व्यवस्थापन आमच्याकडे हवं.'

ताई दुसऱ्या टोकाला. चिठ्ठी हातोहात निघाली. पोरं सगळी स्पर्धा परीक्षेची. लाल पेन लावल्याशिवाय कागद सोडत नाहीत. ताईंपर्यंत पोचली तेव्हा 'वंचित' खोडून 'उमेदवार' झालं होतं. 'शिस्त'भोवती गोल, बाजूला 'पुरावा द्या, दोन गुण.' खाली अभ्यासिकेच्या समितीतल्या मेघाचं अक्षर: 'सगळे गप्प आहेत. आवाज फक्त तुमच्या स्टुलाचा येऊन राहिला.'

ताईंनी शेरे वाचले. गेला मजला! तरी त्यांनी पेन उचललं: 'भाऊ, पोरं खरं लिहून राहिले. मजला द्या. चावी आमच्याकडेच राहीन.'

चिठ्ठी आणखी सात शेरे घेऊन परतली. मनोहररावांनी आठ्या घालून वाचली, आणि एकाएकी त्यांचे खांदे हलू लागले. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला. मग ती रांग हलली, मग पुढची. जिन्यावरच्या पोरांना कारण माहीत नव्हतं, तरी तीही भिंतीला धरून हलू लागली.

डोळे पुसून मनोहररावांनी लिहिलं: 'अट रद्द. पण समितीत मला एक जागा?'

ताईंचं उत्तर आलं: 'अर्ज करा. अनुभव लिहा.'

'तीस वर्षं देणग्या देतो आहे.'

'घेण्याचा?'

मनोहररावांनी त्या एका शब्दाखाली रेघ ओढली. मग त्यांनी लिहिलं, 'नाही.' त्याला प्रामाणिकपणाचे पूर्ण गुण मिळाले.

करारातली अट त्यांनी स्वतःच्या हातानं खोडली, सही केली आणि कागद ताईंकडे सरकवला. ताईंनी तो दोनदा वाचला, छातीशी धरला आणि उलट चिठ्ठी धाडली: 'मुलाखत रविवारी अकराला. मेघा घेईन.'

मेघानं वाटेत एक ओळ जोडली: 'तयारी करून या. मागच्या खेपेले विहाराच्या अध्यक्षालेच नापास केलं होतं.'